विश्लेषण : गरिबी म्हणजे मुलांची हेळसांड? ‘बालकल्याणा’वर बोट ठेवणाऱ्या डोरोथी रॉबर्ट्स यांना ८ लाख डॉलरची ‘जीनियस ग्रँट’

अमेरिकेतील मॅकआर्थर फाउंडेशनने १ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या वर्षीच्या २२ फेलोंची यादी जाहीर केली. त्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कायदा आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापक डोरोथी रॉबर्ट्स यांचे नाव आहे. कुटुंबाविषयीचे सरकारी धोरण वंश आणि लिंग पाहून कसे बदलते, हा त्यांचा तीन दशकांहून अधिक काळचा अभ्यासविषय. मुलांच्या रक्षणासाठी उभी केलेली अमेरिकी यंत्रणा प्रत्यक्षात गरीब, त्यातही कृष्णवर्णीय आयांवर पाळत ठेवते आणि त्यांची मुले त्यांच्यापासून तोडते, असे त्या सांगतात. हे म्हणणे अनेकांना पटत नाही. पण त्यामागची आकडेवारी आणि इतिहास बाजूला सारता येत नाही.

पुरस्कार नेमका काय आहे?

मॅकआर्थर फेलोशिप १९८१ पासून दिली जाते. तिच्यासाठी अर्ज करता येत नाही. नावे गुप्तपणे सुचवली जातात, गुप्तपणे तपासली जातात आणि निवड झालेल्याला एके दिवशी थेट फोन येतो. रक्कम ८ लाख डॉलर, म्हणजे ऑक्टोबर २०२४ च्या दराने पावणेसात कोटी रुपयांच्या आसपास. ती पाच वर्षांत मिळते आणि कशावर खर्च करायची याची कोणतीही अट नसते. माध्यमे तिला ‘जीनियस ग्रँट’ म्हणतात. फाउंडेशनला ते नाव फारसे आवडत नाही.

२०२४ च्या यादीत मराठी वाचकासाठी आणखी एक नोंद आहे. तंत्रज्ञानातील वंशभेदाचा अभ्यास करणाऱ्या रुहा बेंजामिन यांचाही २२ जणांत समावेश आहे आणि त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील वाईच्या एका दवाखान्यातला. रॉबर्ट्स आणि बेंजामिन यांचे विषय वरवर वेगळे वाटतात, पण ते एका ठिकाणी एकमेकांना भेटतात. ते ठिकाण पुढे येईल.

डोरोथी रॉबर्ट्स कोण?

शिकागोत वाढलेल्या रॉबर्ट्स यांचे वडील गोरे मानववंशशास्त्रज्ञ, तर आई जमैकातून आलेली कृष्णवर्णीय. वडिलांच्या संशोधनाचा विषयच मुळी शिकागोतील कृष्णवर्णीय-गोऱ्या जोडप्यांचे विवाह हा होता. त्यामुळे वंश आणि कुटुंब या गोष्टी रॉबर्ट्स यांना वाचनालयात शोधाव्या लागल्या नाहीत. हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी आधी वकिली केली आणि मग त्या अध्यापनाकडे वळल्या.

त्यांचे पहिले गाजलेले लेखन १९९१ मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त आले. त्या काळात अमेरिकेत ‘क्रॅक’ कोकेनची धास्ती होती. गरोदरपणात अमली पदार्थ घेतल्याबद्दल बायकांवर फौजदारी खटले भरले जात होते. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन शहरात तर सार्वजनिक रुग्णालय गर्भवतींच्या लघवीची चाचणी करून निकाल पोलिसांना देत असे. अटक झालेल्या जवळपास सगळ्याच स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या.

मग गोऱ्या स्त्रिया अमली पदार्थ घेतच नव्हत्या का? फ्लोरिडातील पिनेलस काउंटीतल्या गर्भवतींच्या चाचण्यांचा एक अभ्यास १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत चाचणी सकारात्मक येण्याचे प्रमाण जवळपास सारखेच, १५ टक्क्यांच्या आसपास होते. पण अधिकाऱ्यांकडे तक्रार जाण्याची शक्यता कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाबतीत जवळपास दहापट होती. शिक्षा व्यसनाला होते आहे की विशिष्ट स्त्रियांच्या आईपणाला, असा रॉबर्ट्स यांचा प्रश्न होता. चार्ल्सटनचे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये न्यायालयाने संमतीविना पोलिसांसाठी केलेल्या या चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या.

१९९७ मध्ये त्यांचे ‘किलिंग द ब्लॅक बॉडी’ हे पुस्तक आले. गुलामगिरीत मालकाची संपत्ती वाढावी म्हणून ज्यांनी मुले जन्माला घालावीत अशी अपेक्षा होती, त्याच स्त्रियांना विसाव्या शतकात मुले होऊ नयेत म्हणून नसबंदीपासून त्वचेखाली बसवायच्या ‘नॉरप्लांट’पर्यंत काय काय केले गेले, याचा तो लेखाजोखा आहे. या अभ्यासातूनच त्या पुढच्या प्रश्नाकडे आल्या : मूल जन्मल्यानंतर काय होते?

ही यंत्रणा चालते कशी?

अमेरिकेत शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक यांच्यावर कायद्याने एक जबाबदारी आहे. मुलावर अत्याचार किंवा त्याची हेळसांड होत असल्याचा संशय आला तर हेल्पलाइनवर कळवणे त्यांना बंधनकारक आहे. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानंतर ही व्यवस्था देशभर पक्की झाली. तक्रार ‘चाइल्ड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस’कडे जाते. त्यांचा माणूस घरी येतो, फ्रिज उघडून पाहतो, मुलांशी एकट्याने बोलतो. धोका वाटला तर मूल ‘फॉस्टर केअर’मध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात, नातेवाइकांकडे किंवा संस्थेत ठेवले जाते.

वर्षाला ४० लाखांहून अधिक तक्रारी येतात. एका वेळी साडेतीन लाखांच्या आसपास मुले फॉस्टर केअरमध्ये असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेतील ३७ टक्के मुलांच्या घरी ती अठरा वर्षांची होईपर्यंत एकदा तरी अशी चौकशी होते. कृष्णवर्णीय मुलांत हे प्रमाण ५३ टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक.

आता यातला कळीचा शब्द. ज्या मुलांच्या बाबतीत यंत्रणा आरोप खरा मानते, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणांत नोंद असते ती ‘हेळसांडी’ची. मारहाण आणि लैंगिक अत्याचाराची प्रकरणे त्या मानाने कमी. हेळसांडीत मूल उपाशी ठेवणे येते, तसेच घरात हीटर नसणे, आई कामावर असताना मूल एकटे असणे, डॉक्टरची वेळ चुकणे हेही येऊ शकते. मूल घरातून काढण्याच्या सुमारे दहा टक्के प्रकरणांत ‘अपुरे घर’ हे एक कारण म्हणून नोंदलेले असते. केवळ गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे, असे अनेक राज्यांच्या कायद्यात लिहिलेले आहे. पण पाळणाघर परवडत नाही आणि रात्रपाळी सोडता येत नाही, अशा आईच्या घरी दार वाजते तेव्हा गरिबी कुठे संपते आणि हेळसांड कुठे सुरू होते, हे तिथे आलेला एक कर्मचारी ठरवतो.

तोडलेले मूल परत मिळवायचे तर घड्याळही आईच्या विरोधात असते. १९९७ च्या कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये असेल, तर काही अपवाद वगळता राज्याने पालकत्व कायमचे रद्द करण्यासाठी न्यायालयात जावे लागते. तुरुंगात असलेल्या आईला ही मुदत गाठणे किती अवघड, हे सांगायला नको. शिवाय पालकत्वच जाणार असले तरी प्रत्येक गरीब पालकाला सरकारी वकील मिळालाच पाहिजे असे राज्यघटना सांगत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८१ चा निकाल आहे. तोही पाच विरुद्ध चार मतांनी. बहुतेक राज्यांनी पुढे स्वतःहून वकील द्यायला सुरुवात केली, ही त्यातली बरी बाजू.

लुईझियानात १९६० साली काय घडले?

हे सगळे असे कसे झाले, याचे उत्तर शोधताना एक विसरलेले प्रकरण फार उपयोगी पडते.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वडिलांचा आधार गेलेल्या गरीब मुलांसाठी रोख मदत सुरू झाली. आई घरी राहून मूल वाढवू शकावी, हा हेतू. मदत कोणाला द्यायची हे मात्र राज्यांच्या हाती होते. दक्षिणेतील राज्यांनी ‘योग्य घर’ अशी अट घातली. अविवाहित आईचे घर अयोग्य. शेतात कापूस वेचायला माणसे हवी असतील तेव्हा तर कृष्णवर्णीय आईने घरी बसणेच अयोग्य. सुरुवातीची अनेक वर्षे या मदतीचा मोठा वाटा गोऱ्या विधवांकडे गेला.

१९५० च्या दशकात कृष्णवर्णीय स्त्रिया ही मदत मिळवू लागल्या आणि अटी आणखी कडक झाल्या. १९६० मध्ये लुईझियानाने ‘अयोग्य घर’ या कारणाखाली सुमारे २३ हजार मुलांची मदत एका फटक्यात बंद केली. त्यातली बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती. देशभर ओरड झाली. तेव्हाचे केंद्रीय मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी १९६१ च्या जानेवारीत आदेश काढला : घर अयोग्य आहे म्हणून मूल त्याच घरात ठेवून मदत तोडता येणार नाही. एक तर घर सुधारण्यासाठी सेवा द्या, नाही तर मुलाला तिथून हलवा.

हेतू चांगलाच होता. पण त्याच वर्षी अशा हलवलेल्या मुलांसाठी फॉस्टर केअरला केंद्राचा निधी मिळू लागला. राज्यांसमोर दोन रस्ते होते, त्यातल्या दुसऱ्यावर पैसा होता. यंत्रणा कुठे वळली असेल?

रॉबर्ट्स यांचा युक्तिवाद समजून घ्यायचा तर ही साखळी लक्षात ठेवावी लागते. मदतीच्या यादीतून ज्यांना काढायचे होते, त्यांचीच घरे पुढे चौकशीच्या यादीत आली. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या काळात रोख मदतीची हमी संपली, कामाची अट आणि कालमर्यादा आली. पुढच्याच वर्षी १५ महिन्यांचा तो कायदा आला. आईला घरी मूल वाढवण्यासाठी मिळणारा पैसा आटला आणि मूल तिच्यापासून कायमचे तोडण्याची मुदत जवळ आली, तीही एका वर्षाच्या अंतराने. अनेक राज्यांत आजही एका मुलामागे गरीब आईला मिळणाऱ्या मदतीपेक्षा त्याच मुलाला सांभाळणाऱ्या फॉस्टर कुटुंबाला मिळणारे पैसे जास्त आहेत.

उलटी बाजू तपासणारे संशोधनही आहे. किमान वेतन तासाला एक डॉलरने वाढले की हेळसांडीच्या तक्रारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटतात, असे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले. आयांचे प्रेम डॉलरने वाढले नसणार.

यात अल्गोरिदम कुठून आला?

माणसे पूर्वग्रहाने वागतात, मग निर्णय संगणकावर सोपवावा, असा विचार होणे स्वाभाविक होते. पिट्सबर्ग शहर ज्यात येते त्या अ‍ॅलेगेनी काउंटीने ऑगस्ट २०१६ मध्ये तसे केले. हेल्पलाइनवर तक्रार आली की सॉफ्टवेअर सरकारी नोंदी चाळते आणि कुटुंबाला १ ते २० मध्ये गुण देते. गुण जास्त म्हणजे धोका जास्त. अंतिम निर्णय कर्मचाऱ्याचाच, पण सर्वांत वरच्या गटातील प्रकरणात चौकशी जवळपास अनिवार्य ठरते. वंश हा घटक मॉडेलमध्ये नाही, असे काउंटी सांगते.

गोम दोन ठिकाणी आहे. पहिली, डेटा कुठून येतो? सरकारी मदत, तुरुंग, सरकारी मानसिक आरोग्य सेवा, जुन्या तक्रारी यांच्या नोंदींतून. ज्याच्याकडे खासगी विमा आणि खासगी समुपदेशक आहे, त्याची व्यसनमुक्ती या डेटाबेसमध्ये येतच नाही. गरीब माणूस मात्र प्रत्येक सरकारी खिडकीवर एक ओळ मागे ठेवून जातो.

दुसरी गोम अधिक बारीक आहे. मॉडेल नेमके कशाचे भाकीत करते? अत्याचाराचे नाही. अत्याचार थेट मोजताच येत नाही. त्यामुळे ‘हे मूल दोन वर्षांत फॉस्टर केअरमध्ये जाईल का’ याचे भाकीत केले जाते. म्हणजे यंत्रणा पुढे काय करील, ते यंत्रणेच्याच जुन्या वागण्यावरून शिकायचे. डेटा सायन्समध्ये याला प्रॉक्सी म्हणतात. प्रॉक्सीच झुकलेली असेल तर गणित कितीही अचूक असले तरी उत्तर झुकलेलेच येणार. जिथे आधी जास्त चौकशा झाल्या तिथे जास्त गुण, जास्त गुण म्हणून पुन्हा चौकशा, असा फेरा सुरू होतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी सुरुवातीच्या काळातील नोंदी तपासल्या. त्या २०२२ मध्ये ‘असोसिएटेड प्रेस’ने समोर आणल्या. निर्णय फक्त सॉफ्टवेअरवर सोडला असता तर हेळसांडीची तक्रार असलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ३२.५ टक्के मुलांची सक्तीची चौकशी झाली असती. गोऱ्या मुलांत हेच प्रमाण २०.८ टक्के. प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांनी अनेकदा सॉफ्टवेअरचे ऐकले नाही, म्हणून ही दरी कमी राहिली. पूर्वग्रही म्हणून ज्या माणसांवर अविश्वास दाखवला, त्यांनीच यंत्राला आवरले. हा डेटा जुना असून मॉडेल नंतर बदलले, असे काउंटीचे उत्तर आहे. मात्र त्याच वर्षी ओरेगन राज्याने अ‍ॅलेगेनीवरून बेतलेले आपले सॉफ्टवेअर थांबवले. ‘टॉर्न अपार्ट’ या २०२२ च्या पुस्तकात रॉबर्ट्स यांनी या भाकितांवर लिहिले आहे आणि रुहा बेंजामिन यांचे सगळे कामच जुना भेदभाव कोडमध्ये कसा उतरतो याविषयी आहे. दोघी इथे भेटतात.

मग आक्षेप काय आहेत?

आक्षेप गंभीर आहेत आणि ते केवळ उजव्या बाजूचे नाहीत. अमेरिकेत अत्याचार किंवा हेळसांडीमुळे वर्षाला सुमारे दोन हजार मुले दगावतात. कृष्णवर्णीय मुलांत हा मृत्युदर गोऱ्या मुलांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आहे. हार्वर्डच्या एलिझाबेथ बार्थोलेट यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, प्रमाण जास्त आहे ते धोका जास्त आहे म्हणून; आकडे समान दिसावेत यासाठी हस्तक्षेप कमी केला तर किंमत त्याच समाजातील मुले मोजतील. गरिबीचा घटक वेगळा काढला की वांशिक तफावत बरीच कमी होते, असेही काही अभ्यास दाखवतात.

यातला शेवटचा मुद्दा खरे तर दोन्ही बाजूंना वापरता येतो. तफावत गरिबीची असेल, तर मूल उचलून नेणे हा गरिबीवरचा इलाज कसा, असे रॉबर्ट्स विचारतात. पण जे मूल आज रात्री मार खाते आहे, त्याला उद्याचे किमान वेतन वाचवत नाही. ही यंत्रणाच हळूहळू मोडीत काढून तिचा पैसा थेट कुटुंबांना द्यावा, ही रॉबर्ट्स यांची आजची मागणी. तसे झाले तर त्या रात्रीच्या फोनला कोण धावेल, या प्रश्नाचे त्यांच्याकडचे उत्तर अजून अर्धेच वाटते.

त्या या टोकाला एका दिवसात आलेल्या नाहीत, हेही नोंदवायला हवे. वॉशिंग्टन राज्यातील फॉस्टर केअर सुधारण्यासाठी न्यायालयीन तडजोडीतून नेमलेल्या तज्ज्ञ समितीवर त्यांनी नऊ वर्षे काम केले. आतून डागडुजी करून भागणार नाही, हा निष्कर्ष त्यानंतरचा आहे. आता त्या तिला ‘बालकल्याण’ न म्हणता ‘कुटुंब-पोलिसी’ म्हणतात.

आपल्याकडे याचे काय?

परदेशात मूल ताब्यात घेतले जाण्याची गोष्ट आपल्या प्रेक्षकाने ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ या २०२३ च्या चित्रपटात पाहिली. तिथे भांडण संस्कृतीचे होते. अमेरिकेतील बहुतेक मराठी कुटुंबे ज्या आर्थिक स्तरात आहेत, तिथे या यंत्रणेची झळ क्वचित लागते आणि रॉबर्ट्स नेमके हेच सांगतात.

पण वंश किंवा जात पाहून मूल तोडणे महाराष्ट्राला अगदीच परके नाही. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ मध्ये दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांची मुले आईवडिलांपासून वेगळी करून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मुलाचा दोष एवढाच की त्याचा जन्म विशिष्ट जमातीत झाला. मुंबई इलाख्यातील सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत त्याच कायद्याची. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. विमुक्त दिन त्याचाच. तेव्हाही शब्द ‘सुधारणा’ हाच होता.

आजचे चित्र वेगळे आहे. अनाथ, एक पालक गमावलेली किंवा पालक आजारी असलेली मुले संस्थेऐवजी कुटुंबातच वाढावीत म्हणून राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा ११०० वरून २२५० रुपये करण्यात आले. रक्कम मोठी नाही, पण पैसा मुलाच्या घरी जातो.

अमेरिकेत आता काय बदलते आहे?

काही गोष्टी हळूहळू हलत आहेत. फॉस्टर केअरसाठीचा केंद्रीय निधी मूल घरातून काढण्याआधी, कुटुंब सावरण्यासाठीही वापरण्याची मुभा २०१८ च्या कायद्याने दिली. मात्र हा पैसा व्यसनमुक्ती, समुपदेशन आणि पालक प्रशिक्षणासाठी आहे, घरभाड्यासाठी नाही. टेक्सासमध्ये २०२३ पासून चौकशीला आलेल्या कर्मचाऱ्याने पालकांना त्यांचे हक्क आधी सांगावे लागतात, पोलीस अटक करताना सांगतात तसे.

मूळ रहिवाशांसाठी वेगळा कायदा १९७८ पासून आहे. त्याआधी त्यांची २५ ते ३५ टक्के मुले घरातून काढली गेली होती. त्यामुळे मूल काढण्यापूर्वी कुटुंब टिकवण्याचे सक्रिय प्रयत्न केल्याचे यंत्रणेला दाखवावे लागते. या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळले. त्याच धर्तीवर, कृष्णवर्णीय आणि प्रमाणाबाहेर फॉस्टर केअरमध्ये जाणाऱ्या इतर मुलांसाठी मिनेसोटा राज्याने मे २०२४ मध्ये कायदा केला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करायचे ठरले आणि पहिला टप्पा जानेवारी २०२५ साठी ठरवण्यात आला.